धुराड्याच्या नोंदी : पाचगणी, फेब्रुवारी ते जून २०२५

शनिवार, १ फेब्रुवारी

सकाळी आईचा फोन. "वरून वीट पडली. तीन कौलं फुटली. मोती तिथंच झोपलेला असतो, आज नेमका नव्हता." शाळा सुटल्यावर वाईहून पसरणी घाट चढून वर आलो.

वीट पूर्ण नव्हतीच, पुढचा अर्धा भाग होता. आतली बाजू पांढरी, बोट फिरवलं की पीठ निघतं. कडेला सिमेंटची पट्टी तशीच चिकटलेली, तिला ओरखडासुद्धा नाही.

आतल्या खोलीत शेकोटीच्या वर, छताजवळ, चहासारखा डाग आहे. गेली दोन वर्षं आम्ही त्याला "जुनाच आहे" म्हणत आलो.

रविवार, २ फेब्रुवारी

शिडी लावून कौलांवर गेलो. मोजमाप लिहून ठेवतो.

बंगली आजोबांनी एका पारशी मालकाकडून घेतलेली. भिंती जांभ्याच्या, टेबललँडच्या जातीचाच दगड. धुराडं मात्र विटांचं. कौलांच्या वर पाच फूट, १७ थर, प्रत्येक थरात सात विटा, भिंत अर्ध्या विटेची. बाहेरून १८ इंच बाय साडेबावीस, आतली पोकळी ९ बाय साडेतेरा. वीट ९ × ४½ × ३ इंच. आता या मापाची वीट बाजारात मागितली तर दुकानदार हसतो.

ओळंबा सोडला. पाच फुटांत सव्वा इंच पूर्वेला कललंय. कारण पश्चिमेच्या अंगाला समोरच दिसतं : खालून अकराव्या थरात पिंपळ. वर हातभर रोप, पण बुंधा मनगटाएवढा. म्हणजे दरवर्षी कोणीतरी (मी) वरवर छाटत आलंय आणि मूळ आत निवांत वाढत राहिलंय. मुळाने पश्चिमेची दरज, म्हणजे दोन विटांमधला सांधा, उघडली आणि वरचा भाग पूर्वेकडे ढकलला.

पश्चिमेचा चेहरा सगळ्यात वाईट. पावसाचा मारा तिकडूनच. विटा अर्धा-पाऊण इंच आत गेल्यात आणि दरजांतलं सिमेंट जाळीसारखं बाहेर उभं आहे. रिकाम्या पोळ्यासारखं दिसतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

शाळेची प्रयोगशाळा उघडून घेतली. रसायनशास्त्र शिकवायची वीस वर्षं, घरच्या भिंतीसाठी पहिल्यांदाच.

खालच्या थरांतून, जिथं सिमेंट पोचलं नव्हतं तिथून, दरजांतला मूळचा मसाला कोरून आणला होता. वाळवून ५० ग्रॅम घेतला आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. भरपूर फसफसला. गाळून, धुऊन, वाळवून उरले ४० ग्रॅम : काळी बारीक वाळू आणि विटकरी रंगाची भुकटी. ती सुरखी. विरघळलेले दहा ग्रॅम म्हणजे चुना, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी झालेला. मळलेल्या चुन्याच्या मापात बसवलं तर ढोबळमानाने चुना एकास वाळू-सुरखी दोन येतं. सुरखीचाही थोडा अंश आम्लात जातो, त्यामुळे हे सोनाराचं वजन नाही.

विटेवरचा लोणा, म्हणजे फुललेला पांढरा क्षार, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवला, आम्लाचे थेंब टाकले, मग बेरियम क्लोराइड. पांढराशुभ्र साका. सल्फेट. काही काजळीतून आलं असेल, काही सिमेंटमधूनच.

आता उलगडा लिहितो, कारण दोष माझा आहे. २०१२ साली दरजा जरा भुसभुशीत दिसल्या म्हणून मीच त्या उकरून एकास तीन सिमेंटने भरून घेतल्या होत्या. "एकदाच काय ते मजबूत करा," हे माझं वाक्य. या जुन्या विटा मऊ आणि पाणी पिणाऱ्या. चुन्याची दरज असते तेव्हा भिंतीत शिरलेलं पाणी दरजेतून उडून जातं आणि क्षारही तिथंच फुलतात. मी ती वाट बुजवली. पाणी मात्र आत येतच राहिलं, वरून उघड्या तोंडातून आणि सिमेंटच्या केसभर भेगांतून. बाहेर पडायला उरला विटेचा चेहरा. पाणी उडालं, क्षार मागे राहिले, पृष्ठभागाच्या जरा आत त्यांचे स्फटिक वाढले आणि त्यांनी पापुद्रा ढकलून दिला. शंभरेक वर्षं टिकलेली वीट तेरा वर्षांत गेली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ज्यांच्या हाताखाली चुन्याचं काम झालंय असे गवंडी वाईत आता मोजकेच. एक मामा मिळाले, सत्तरीच्या आसपासचे. त्यांचे वडील वाड्यांची आणि देवळांची डागडुजी करायचे. संध्याकाळी त्यांना घेऊन वर आलो. ते शिडी चढले नाहीत, खालूनच पाहिलं.

"सर, ह्ये शिमिट कुनी भरलं?"

"मीच भरून घेतलं, मामा."

ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "दरज इटंपेक्षा नरम पायजे. झिजायची तर दरज झिजू द्या, ती परत भरता येती. इट कुठनं आनायची?"

भावाचं मत फोनवर वेगळं : पाडून टाक, वर पत्रा मार, हीटर घे. आई म्हणाली, "जुलैत तीन-तीन दिवस वीज नसते तेव्हा तुझ्या हीटरवर कपडे वाळत घाल." विषय संपला.

ठरलं ते असं. वरचे नऊ थर उतरवून पुन्हा बांधायचे, खालच्या आठ थरांतलं सिमेंट उकरून चुन्याने भरायचं, तोंडावर झाकण, कौलांशी जोड नवा. आणि सगळं मृगाच्या आत.

रविवार, १६ फेब्रुवारी

चुना विझवला. पुण्याहून कळीचा चुना २० किलो आणला होता.

नियम मुलांना दरवर्षी सांगतो : पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. हे सगळं केलं. फक्त लोखंडी पिंप आणायचं राहिलं आणि घरातलं प्लॅस्टिकचं मोठं टब घेतलं. पहिले दोन-चार खडे शांत राहिले म्हणून मी उरलेली अर्धी गोणी एकदम सोडली. मिनिटभराने पाणी उकळायला लागलं, वाफेचा लोट, आणि टबाची कड हळूच वाकून बाहेर झुकली. मी आणि मोती दोघेही मागे पळालो. साताठ लिटर अंगणात गेलं. शेवंतीची ओळ गेली. आईने खिडकीतून विचारलं, "हे असंच शिकवतोस का मुलांना?"

उरलेलं निवल्यावर बारीक चाळणीतून गाळून पत्र्याच्या डब्यांत भरलं. लोण्यासारखा लगदा, अंदाजे ३५ लिटर. वर चार बोटं पाणी, हवा लागू नये म्हणून. आता हे दीड-दोन महिने मुरू द्यायचं. जितकं मुरेल तितकं थापीला चिकटतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजपासून दहावीचे पेपर. १७ मार्चपर्यंत वर काम नाही.

रविवार, २३ मार्च

उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून सुटका नाही, तरी आज नमुने पाहिले.

मामांचा आग्रह होता की मसाल्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी हवंच. महाबळेश्वरच्या रानात हिरडा मुबलक, त्यामुळे इकडच्या जुन्या बांधकामात तो येणं साहजिक. माझा विश्वास नव्हता. म्हणून १० मार्चला आगपेटीएवढे सहा ठोकळे पाडले होते : तीन साधे, तीन गूळ-हिरड्याचे. मसाला एकच, चुन्याचा लगदा १, सुरखी १, वाळू १.

साध्या तिघांपैकी दोघांना वाळताना आडवी भेग गेली. गुळाच्या एकालाही नाही. पण गुळाचे घट्ट व्हायला दोन दिवस जास्त लागले. सहा ठोकळ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मुलांना मी लाल शाईने लिहून देतो. मामांना निकाल सांगितला तर ते म्हणाले, "मग? म्या काय सांगत हुतो?"

सुरखीबद्दल एक. नुसता चुना पाण्यात घट्ट होत नाही, त्याला हवा लागते. कमी भाजलेल्या विटेची बारीक भुकटी मिसळली की तिच्यातली सिलिका चुन्याशी जोडली जाते आणि ओलाव्यातही पकड येते. पाचगणीच्या हवेत हे महत्त्वाचं. पाऊस इथं महाबळेश्वरपेक्षा बराच कमी, पण धुकं आणि ओल चार महिने हटत नाही. विटा भट्टीवरून "कच्च्या" म्हणून बाजूला काढलेल्या मिळाल्या, जवळजवळ फुकट. कुटून, चाळून ४० किलो सुरखी तयार.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, काम नाही. दुपारी आईला न जुमानता परांचीचे बांबू मोजले.

रविवार, ६ एप्रिल

परांची झाली. कौलांवर भार नको, म्हणून दोन्ही उतारांच्या बाहेर जमिनीवरून बांबू उभे केले आणि आढ्यावरून आडवे वासे टाकून बांधले. फळ्या चार. धुराड्याभोवतीची कौलं उतरवून ठेवली. कमरेला दोर बांधायला मामांचा नकार होता. शेवटी आईने "मी जेवायला वाढणार नाही" म्हटल्यावर बांधला.

शनिवार-रविवार, १२ व १३ एप्रिल

उतरवणं.

वरचे चार थर हाताने सुटले, छिन्नीची गरजच नाही. मग पिंपळ लागला. मूळ दरजेतून आत, आतल्या अंगाने पोकळीत उतरून पुन्हा भिंतीत शिरलेलं, चपटं, दोरखंडासारखं. मुळाने दरजेची जाडी घेतली होती, अगदी फीत. नवव्या थराशी दोन फाटे. एक सुकलेला, दुसरा थेट खाली. नऊ थर काढले तरी तो संपेना. आठव्या थराच्या दोन विटा जास्तीच्या काढल्या तेव्हा टोक मिळालं. एकूण लांबी सव्वासहा फूट. उरलेला तंतू भिंतीत राहिला तर पुन्हा फुटतो, म्हणून मामा एकेक धागा चिमट्याने ओढत बसले. अर्धा दिवस त्यात गेला. मला आधी वाटलं वेळेचा अपव्यय आहे. आता वाटत नाही.

पोकळीतून काजळीची दोन घमेली निघाली. आतला गिलावा बऱ्याच ठिकाणी सुटलाय. हातात घेतला तर त्यात काड्या-तुसं दिसतात. मामा हुंगून म्हणाले, "शेन हाय." विलायतेतही धुराड्याला आतून चुना आणि शेणाचाच गिलावा करायची पद्धत होती. लवचिक राहतो, तापून-निवून पटकन तडकत नाही. म्हणजे हे पाचगणीचं की साहेबाचं, वाद घालता येईल.

शनिवार, १९ एप्रिल

विटांचा हिशोब. उतरलेल्या ६५. प्रत्येक वीट थापीच्या दांड्याने ठोकून पाहिली : खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर बाजूला. ३९ वाजल्या. यातल्या काहींचा एक चेहरा गेलाय, त्या उलट्या फिरवून बसवणार.

गंमत अशी की जिथं चुना होता तिथली वीट दोन टिचक्यांत साफ झाली. जिथं माझं सिमेंट होतं तिथं छिन्नी मारली की वीट फुटते, सिमेंट नाही. निम्मं नुकसान साफ करतानाच झालं.

२६ विटा कमी. मागच्या पडक्या न्हाणीघराच्या भिंतीत तीच वीट, तेच माप. आईची परवानगी घेऊन एक कोपरा उतरवला. ३४ मिळाल्या.

मंगळवार, २२ एप्रिल

धुराडं आणि कौलं यांच्यामधल्या जोडाचा पत्रा. जुना जस्ताचा होता, सडून त्यावर डांबर, डांबरावर सिमेंट, आणि आतला चहाचा डाग तिथूनच.

मनात तांबं होतं. पुण्याच्या तांबट आळीतून पत्रा आणायचा, शंभर वर्षं बघायला नको. पण खालची पन्हळ जस्ताची. तांब्यावरून वाहिलेलं पाणी तांब्याचे आयन घेऊन जस्तावर पडणार आणि जस्त खाऊन टाकणार. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया, आमच्या छपरावर. शिसं मऊ, कामाला उत्तम, पण या छपराचं पाणी आई टाकीत धरते, म्हणून बाद. शेवटी स्टेनलेस स्टीलचा अर्धा मिलिमीटर पत्रा वाईत वाकवून घेतला. दिसायला स्वयंपाकघरातलं बेसिन.

वरची कड दरजेत एक इंच आत, खालची कौलांखाली. आढ्याच्या बाजूला पाणी धुराड्यावर येऊन थांबतं, तिथं दोन्हीकडे उतार देणारी घडी.

रविवार, २७ एप्रिल

बांधकाम सुरू. विटा रात्रभर पाण्यात भिजवलेल्या, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात. मामांनी दोरी लावली, पहिल्या थराला पाणसळ, मग हात चालू. दिवसाला चारच थर. चुना हिरवा, म्हणजे कच्चा असतो, जास्त चढवलं तर वरच्या वजनाने खालची दरज पिळून बाहेर येते आणि सगळं पुन्हा कलतं.

माझं काम मसाला मळणं. पाणी घालायचा मोह होतो, घालायचं नाही. दहा मिनिटं कुटत राहिलं की तोच सैल होतो.

सोमवार, २८ एप्रिल

दरजा ओल्या गोणपाटाखाली. मामा भाचीच्या लग्नाला गेले. अक्षय तृतीया ३० तारखेला, पुढे लग्नांची रांगच. "धा तारखेला येतो."

शनिवार, १० मे

मामा आले. मधले दिवस मी गोणपाट भिजवण्यात आणि आकाश बघण्यात घालवले. वळीव सारखाच येतोय यंदा.

चार थर. आतून चुना-शेणाचा गिलावा मी स्वतः केला, खांद्यापर्यंत हात पोकळीत घालून.

सोमवार, १२ मे

नववा थर, त्यावर चार कोपऱ्यांना नऊ इंचांचे खांब आणि वर शहाबादी फरशी. फरशी चारी बाजूंना दोन इंच बाहेर. खालच्या अंगाला कडेने खाच मारून घेतलीय, म्हणजे पाणी तिथंच तुटून खाली पडतं, विटेवर परतत नाही. चारी तोंडं मिळून पोकळीच्या तिप्पट उघडी जागा राहते, धूर कोंडणार नाही. वानरांसाठी जाळी. ओळंबा सोडला : दोरी विटेला समांतर.

शनिवार-रविवार, १७ व १८ मे

खालच्या आठ थरांतलं सिमेंट उकरणं. ग्राइंडर लावला की विटेच्या कडा जातात, म्हणून बारीक छिन्नी आणि हातोडी. दरजेच्या जाडीच्या दुप्पट खोल जायचं, इथं साधारण एक इंच. चारही बाजू दोन दिवसांत भरल्या. घाई झाली. पश्चिम बाजू सगळ्यात शेवटी, रविवारी संध्याकाळी.

बुधवार, २१ मे

दिवसभर पाऊस. वळिवासारखा येऊन गेला नाही, लागूनच राहिला. परांचीवर ताडपत्री बांधली, विटांना चिकटणार नाही अशी, बांबूंवरून. वारा ती फुगवतो.

सोमवार, २६ मे

मान्सून काल कोकणात उतरला, आज मुंबईत. १६ दिवस आधी. बारामती-फलटणकडे पुराच्या बातम्या. माझं सगळं गणित सात जूनच्या मृगावर बेतलेलं.

दुपारी उघडीप मिळाली तेव्हा फिनॉल्फ्थेलिनची बाटली घेऊन वर गेलो. दरज नखाने खरवडून थेंब टाकायचा : गुलाबी झाली तर चुना अजून कच्चा, रंग आला नाही तर पक्का. एप्रिलचे थर पाच मिलिमीटरपर्यंत बिनरंगी. पश्चिमेच्या नव्या दरजा पृष्ठभागापासूनच गर्द गुलाबी. आठवड्यात काय होणार दुसरं? आता भिस्त सुरखीवर. तिला हवा नको, ओलच हवी.

मामांना फोन केला. "झाकून ठिवा आन् बघत बसू नका."

शनिवार, ७ जून

ताडपत्रीची पश्चिमेची दोरी तुटली होती, कधी ते माहीत नाही. खालच्या तीन थरांतला मसाला जेमतेम पाव इंच धुऊन गेलाय आणि विटांवरून पांढरे ओघळ. मागचा भाग नखाला लागत नाही, घट्ट आहे. वरचे सगळे थर ठीक. जोडाच्या पत्र्याखालून एक थेंब नाही. माळ्यावर चढून बॅटरी मारून पाहिलं, वासे कोरडे.

रविवार, १५ जून

आत चहाचा डाग आहेच, पण कड पुढे सरकलेली नाही. पेन्सिलीने रेष मारून तारीख टाकली.

संध्याकाळी आधी वर्तमानपत्राचा एक कागद पेटवला. धूर सरळ वर. मग चार काटक्या, अर्धा तास, बस. ओल्या भिंतीत मोठा जाळ केला तर वाफ होऊन गिलावा सुटेल, म्हणून रोज थोडा-थोडा वाढवायचा. आईला हे तीनदा सांगितलं. मी घाट उतरेपर्यंत तिचा फोन : दोन चादरी आणि एक स्वेटर वाळलाय.

राहिलेलं : पश्चिमेचे खालचे तीन थर दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा भरायचे. चुन्याचा लगदा आठ लिटर शिल्लक आहे, डबा जिन्याखाली. वर चार बोटं पाणी ठेवलंय. आईने ते दर पंधरवड्याला बघायचं.